हिंडलग्याच्या जेलातून सुटलेला माणूस फौंड्रीत ठेवलाय. चूक केली का?

ओतकामवाला (धागालेखक)

नमस्कार मंडळी. एरवी मी इथं कुंद्याच्या नाहीतर पावसाच्या धाग्यावर टिंगल करायला येतो. आज अडकलोय म्हणून लिहितोय. लांबेल, सांभाळून घ्या.

बेळगावच्या उद्यमबागेत, म्हणजे कारखान्यांच्या वसाहतीत, आमची लहानशी फौंड्री आहे. वडिलांनी कुपोलावर, म्हणजे कोळशाच्या भट्टीवर, सुरू केली, आता इंडक्शन फर्नेस आहे आणि चौतीस माणसं. पंपाच्या बॉड्या, व्हॉल्व्हचे भाग, असलं कास्टिंग. ऑर्डर आहेत, माणूस नाही, ही सगळ्या उद्यमबागेची रड. त्यातून मोल्डिंगला कुणीतरी मिळतं, फेटलिंगला कुणी उभं राहत नाही. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. साचा फोडून कास्टिंग बाहेर काढलं की त्याला वाळू चिकटलेली असते आणि धातू ओतायच्या वाटा शिंगांसारख्या तशाच वर आलेल्या असतात. त्या हातोड्यानं तोडायच्या आणि ग्राइंडरनं घासून काढायच्या. दिवसभर ठिणग्या, धूळ, कानठळ्या. नवी पोरं आठ दिवसांत पळतात.

दिवाळीनंतर आमच्या गल्लीच्या भजनी मंडळातले एक आजोबा एका माणसाला घेऊन आले. वय चोपन्न. कपाळाला बुक्का, गळ्यात तुळशीची माळ. "ह्याला फेटलिंग येतंय," एवढं बोलून आजोबा चहा न घेता निघून गेले. बेळगावात कुणी चहा नको म्हणतो तेव्हा काहीतरी असतं, हे मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं.

तो माणूस खुर्चीवर बसला नाही. म्हणाला, "मालक, मी आदी सगळं सांगतो, मग ठिवायचं का न्हाई ते तुमी बगा. खुनात हुतो. हिंडलग्याला चौदा वर्सं आणि वर काय म्हैने. रौडी शीट अजून हाय." रौडी शीट म्हणजे पोलीस ठाण्यातली गुंडांची नोंद.

मी पाणी प्यालो. नाही म्हणायला सुचेना म्हणून विचारत बसलो. सतराव्या वर्षी तो इथल्याच एका फौंड्रीत फेटलिंगला होता, तिथून हात बसलेला. संध्याकाळी तालीम. गणपतीच्या मंडळात पट्टी, म्हणजे वर्गणी, गोळा करायचं काम. त्याचं एक वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही: "चार पोरं पट्टी मागायला गेली की दुकानदार पन्नास देतंय. मी एकटा गेलो की पाचशे देतंय. हे एकदा ध्यानात आलं आणि फौंड्री सुटली." पुढं मटक्याच्या चिठ्ठ्या, मग मीटर बड्डीची (मीटरसारखं चढत जाणाऱ्या सावकारी व्याजाची) वसुली, मग प्लॉट खाली करून देणं. मारामारी फार करावी लागायची का, असं मी मूर्खासारखं विचारलं. "न्हाई ओ. वसुलीला मारायचं नसतंय. सकाळी दारात जाऊन बसायचं. च्या मागायचा. पोरं शाळंला निघाली की त्यांचं नाव विचारायचं. बास."

ठेवून घेतला. तीन महिने झाले. कामात एक नंबर. मोठा कास्टिंग पीस कुठं टोला मारला की वाट मुळापासून सुटते आणि अंगाचा टवका निघत नाही, ते त्याला बरोबर कळतं. रिजेक्शन कमी झालंय, हे वहीत दिसतं. सगळे त्याला काका म्हणतात.

खरं, गेल्या पंधरवड्यात तीन गोष्टी झाल्या. पोलीस चौकशीला आले, इथं काम करतो का, पगार किती, कुठं राहतो. ते आल्यामुळं सगळ्या शेडला कळलं आणि कोअर (साच्यात बसवायचे वाळूचे गाभे) करणाऱ्या दोन बायकांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, घरचे पाठवायला नको म्हणतात. आणि संध्याकाळी सुट्टीच्या वेळी दोन पोरं मोटरसायकल घेऊन गेटसमोर उभी असतात. काही बोलत नाहीत. तो मागच्या बाजूनं, स्क्रॅपच्या ढिगाकडून जातो.

घरात बायको म्हणते, पुण्य करायला आपली फौंड्रीच सापडली का. तुम्ही काय म्हणाल?

कंग्राळीकर

एक महिन्याचा पगार हातात द्या आणि हात जोडा. गेटसमोरची पोरं आज त्याला शोधतायत, उद्या तुम्हाला ओळखतील. माळेचं मला सांगू नका. माळ वीस रुपयाला मिळते.

इलेक्ट्रॉनिकसिटी

मी मूळचा टिळकवाडीचा, आता बेंगळूरला. इथं असली उदाहरणं पायलीला पन्नास. अग्नी श्रीधर एकेकाळी इथल्या अंडरवर्ल्डमधला, पुढं साप्ताहिकाचा संपादक आणि लेखक झाला. मुत्तप्पा रैला २००२ साली दुबईहून धरून आणलं, खटल्यांतून सुटला, २००८ साली त्यानं जय कर्नाटक संघटना काढली, २०२० मध्ये कॅन्सरनं गेला तेव्हा बातम्या एखाद्या नेत्याच्या असाव्यात तशा होत्या. सांगायचा मुद्दा, माणूस बदलतो. संधी द्या.

कंग्राळीकर

@इलेक्ट्रॉनिकसिटी, मुंबईचं पण सांगा की. अरुण गवळी २००४ ला आमदार, २०१२ ला नगरसेवकाच्या खुनात जन्मठेप, २०१८ ला नागपूर जेलात गांधी विचार परीक्षेत ८० पैकी ७४ मार्क घेऊन पहिला. मार्कांवरून माणूस कळत असता तर काय पाहिजे होतं.

शहापूरची_सून

तुम्ही दोघंही भलत्याच माणसांबद्दल बोलताय. हे सगळे शेठ होते. शेठ सुधारला की त्याला संघटना मिळते, मुलाखत मिळते, सत्कार मिळतो. त्याच्यासाठी दारात बसणारा सुधारला की त्याला ग्राइंडर मिळतो, तोही कुणी दिला तर. ओतकामवाल्यांचा प्रश्न दुसऱ्या माणसाचा आहे.

कोर्टकचेरी

वकिली करतो म्हणून थोडं कामाचं लिहितो. आधी भीती काढा. शिक्षा भोगून आलेल्याला खाजगी मालकानं कामावर ठेवू नये असा कुठलाही कायदा नाही. पीएफ, ईएसआय त्याच्या नावानं नीट भरा, हजेरीचा कागद पक्का ठेवा. उद्या कुणी म्हटलं की अमुक दिवशी हा अमुक ठिकाणी होता, तर तुमचं मस्टर हाच त्याचा साक्षीदार.

आता रौडी शीट. लोकांना ती शिक्षा वाटते. ती शिक्षा नव्हे. कर्नाटक पोलीस मॅन्युअलप्रमाणे ठाण्यात ठेवायची ती एक नोंद आहे, कोर्टाचा त्यात हात नसतो. म्हणून तर ती चिकट. कोर्टानं दिलेली शिक्षा संपायची तारीख कागदावर असते, शीटवर तशी तारीख नसते. ठरावीक काळानं तिचा आढावा घ्यायचा आणि माणूस शांत असेल तर बंद करायची, असं अपेक्षित आहे. प्रत्यक्षात फाईल एका अधिकाऱ्याकडून दुसऱ्याकडे जाते, आणि बंद करणाऱ्याला धास्ती असते की उद्या ह्यानं काही केलं तर सही कुणाची? उघडी ठेवणाऱ्याला कुणी विचारत नाही.

त्यामुळं दर गणपतीला, शिवजयंतीला, निवडणुकीला बोलावणं येतं. रांगेत उभं करतात, फोटो, पत्ता, मोबाईल, कुणाबरोबर राहतोस. शांतता राखण्याचा बॉण्ड लिहून घेतात. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १०७ आणि ११० खाली चालायचं, १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेत तेच १२६ आणि १२९ झालंय. पहिल्याची मुदत जास्तीत जास्त वर्षभर, दुसऱ्याची तीन वर्षं. बेळगावात २०१४ ला पोलीस आयुक्तालय आल्यापासून शहरापुरतं बॉण्ड घेणारे अधिकारीही पोलीसच. बॉण्ड मोडला तर रक्कम जप्त. ह्याच्या वरची पायरी तडीपारी, कर्नाटक पोलीस कायदा १९६३, कलम ५५. आणि त्याच्या वर १९८५ चा गुंडा कायदा, त्यात खटल्याशिवाय बारा महिने आत.

त्याला सांगा, शीट बंद करण्यासाठी आयुक्तांकडे लेखी अर्ज कर. सुटकेचा कागद, तुमचं पत्र, पगाराच्या पावत्या जोडायच्या. पोच घ्यायची. नाही झालं तर धारवाडला हायकोर्टाचं खंडपीठ आहे. २००८ ला ते फिरतं म्हणून आलं, २०१३ ला कायमचं झालं. त्याआधी असल्या कामाला रात्रीच्या गाडीनं बेंगळूर गाठावं लागायचं, आणि रोजंदारीवरचा माणूस ते करूच शकत नव्हता.

शिनोळीपार

तडीपारीवरून आठवलं. आमचं गाव चंदगड तालुक्यात, बाचीच्या पलीकडं. लहानपणी आमच्याकडं कुणी ना कुणी 'पाव्हणे' राहायला असायचे. वर्षभर पाव्हणे. मोठेपणी कळलं की ते बेळगावातून हद्दपार झालेले. कायद्यानं जिल्ह्याबाहेर घालवलं, आणि जिल्ह्याबाहेर म्हणजे अर्ध्या तासावर, दुसऱ्या राज्यात. कन्नडमध्ये त्याला गडीपार म्हणतात, गडी म्हणजे सीमा. आमच्याकडं ते अक्षरशः खरं होतं. गंमत अशी की वेंगुर्ला रोडनं येताना हिंडलग्याचा जेल वाटेतच. बघत बघत यायचे.

इकडचा तिकडं, तिकडचा इकडं, आणि चोर्ला घाट उतरला की गोवा. तीन राज्यांची पोलिसं तीन भाषेत पत्रव्यवहार करेपर्यंत माणूस जत्रा करून परत.

बेळगावचा_बेळगावीच

हिंडलगा म्हटलं की आमच्या घरात १ जून १९८६ आठवतो, गुंड आठवत नाहीत. कन्नडसक्तीविरुद्ध उतरलेल्या आमच्या माणसांवर गोळ्या चालल्या ते गाव ते. आणि आता तिथला खुनी हा चर्चेचा विषय! माझ्या वडिलांवर आंदोलनाची केस होती. ठाण्यात त्यांचा कागद आणि दरोडेखोराचा कागद एकाच कपाटात. त्यावर कुणी धागा काढत नाही.

संपादक

सीमाप्रश्नावर स्वतंत्र धागे आहेत, तिथं जरूर लिहा. इथं अवांतर नको. पुढचे असे प्रतिसाद उडवले जातील.

शिनोळीपार

बेळगावातल्या धाग्यावर सीमाप्रश्न अवांतर, हे वाचायला आज मी जिवंत आहे. चालू द्या.

निवृत्त_मास्तर

मी काही वर्षं जेलमध्ये साक्षरतेचे वर्ग घ्यायला जात होतो. कोणत्या काळात ते लिहीत नाही, ह्या गृहस्थांची ओळखही विचारणार नाही.

हिंडलग्याचा जेल १९२३ चा. सावरकरांना १९५० मध्ये स्थानबद्ध केलं ते इथंच. फाशीचा खांबही इथं आहे. २०२३ च्या जानेवारीत नागपूरला केंद्रीय मंत्र्यांच्या कार्यालयात धमकीचा फोन आला, तो ह्याच भिंतीआडून केल्याचं निघालं. म्हणजे आत गेलेला माणूस धंद्यापासून तुटतोच असं नाही. उलट ओळखी वाढतात. गल्लीतला पोरगा जातो आणि जिल्ह्याचा होऊन बाहेर येतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

जे खरंच सुटतात ते कशानं सुटतात, ह्याचं माझ्याकडं उत्तर नाही. फक्त एक पाहिलं. वर्गात येणाऱ्यांत दोन जाती असायच्या. एकाला सवलत मिळते म्हणून यायचं असे. दुसऱ्याला एखादं विशिष्ट काम असे, बायकोचं पत्र स्वतः वाचायचं, निकालपत्रात आपल्याबद्दल काय लिहिलंय ते बघायचं. हा दुसरा शिकायचा.

सांगलीकडं आटपाडीजवळ स्वतंत्रपूर आहे, तिकडं एकदा जाऊन आलो. औंध संस्थान असताना, १९३९ साली, मॉरिस फ्रीडमन नावाच्या पोलिश इंजिनिअरच्या सूचनेवरून औंधच्या राजानं तिथं उघडी वसाहत केली. भिंत नाही. कैदी बायकामुलांसह राहतात, शेती करतात. ज्याला शेळी बांधायची असते, पोराला शाळेत सोडायचं असतं, त्याला पळायला वेळ कुठला. तुमच्या काकांच्या घरी कोण आहे हो?

ओतकामवाला

@मास्तर, बायको होती. तो आत असताना तिनं विड्या वळून मुलगी वाढवली, निपाणीकडं माहेरी. मुलीचं लग्न झालं तेव्हा तो आतच होता, पत्रिकेत त्याचं नाव नव्हतं. सुटल्यावर बायकोनं घरात घेतलं, खरं एका अटीवर: मुलीच्या सासरी जायचं नाही. जात नाही. जावई माल घेऊन उद्यमबागेत येतो कधीमधी, त्याला माहीतही नाही की आत ग्राइंडरवर सासरा आहे.

@कोर्टकचेरी, अर्ज करतोय. धन्यवाद.

पंतबाळेकुंद्री

वाल्याचा वाल्मिकी झाला तो ह्याच देशात. ठेवा त्याला. पांडुरंग बघून घेईल.

वडगावची

तीन दिवस हा धागा वाचतेय. लिहायचं नव्हतं.

वाल्याची गोष्ट मीही कीर्तनात ऐकलीय. एक माणूस मारला की रांजणात एक खडा. सात रांजण भरले. मग नारद आला, मग मरा मरा, मग वारूळ, मग ऋषी. त्या सात रांजणांतल्या खड्यांचं पुढं काय झालं, हे आजपर्यंत एकाही बुवानं सांगितलेलं मी ऐकलं नाही. एकेक खडा म्हणजे एकेक घर होतं ना?

माझा भाऊ वडगावात मागावर होता. २००९ च्या गणपतीत पट्टीवरून बोलाचाली झाली. तुमच्या काकांना जी पाचशेची गोष्ट ध्यानात आली ना, तीच पट्टी. माझ्या भावानं शंभर दिले आणि वर बोलला. उजव्या हाताची तीन बोटं गेली. मागावर तार तुटली की बोटाच्या चिमटीत धरून गाठ मारावी लागते. ती चिमूटच गेली. आईनं माग विकला. ज्यांनी केलं त्यातले दोघं आज शिवजयंतीच्या फ्लेक्सवर असतात. हा तो माणूस नाही, मला माहीत आहे. हिशोब जुळत नाही.

मला फक्त एवढं विचारायचंय. मालकाला सांगितलं, पांडुरंगाला सांगितलं, बायकोला सांगितलं. ज्याला मारलं त्याच्या घरी कधी गेला का तो?

शहापूरची_सून

@वडगावची, काय लिहू कळत नाही. वाचलं.

कोर्टकचेरी

@वडगावची, तुमच्या केसला नुकसानभरपाई मिळाली होती का? कर्नाटकात पीडितांसाठी भरपाईची योजना २०११ ची आहे, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं अर्ज करायचा असतो. २००९ च्या घटनेला मुदतीची अडचण येईल, तरी कागद घेऊन एकदा भेटा. फी नाही.

वडगावची

असली काही योजना असते हे आज पहिल्यांदा ऐकतेय. तेव्हा आम्हाला फक्त "ओळख पटते का" एवढंच विचारलं. आईनं नाही म्हटलं. तिला तिथंच राहायचं होतं.

ओतकामवाला

काल जेवणाच्या सुट्टीत त्याला बसवून सगळा धागा वाचून दाखवला. लपवून ठेवणं बरं वाटेना. वडगावच्या ताईंचा प्रतिसाद आला तेव्हा त्यानं डबा झाकला. बराच वेळ गेला. मग बोलला ते जसंच्या तसं लिहितोय, त्यानं लिही म्हटलंय.

"ताईस्नी सांगा, गेलतो. सुटल्यावर दुसऱ्या म्हैन्यात गेलो. पाया पडावं म्हणून. संगं कुणी न्हाई, हातात काय न्हाई, नारळ तेवढा. दार त्याच्या आईनं उघडलं. म्हातारी झालीया. तिनं मला वळखलं आणि काय केलं सांगू? आत वळून नातवाला म्हणाली, च्या ठेव. हात कापत हुते तिचे. मला च्या दिला ओ. मी लोकांच्या दारात बसून किती घरांचा च्या प्यालोय, मला कळलं तो कसला च्या हाय ते. मी माफी मागायला गेलतो आणि ती मला वसुली देत हुती. तसाच उठलो. परत त्या गल्लीत पाय ठेवला न्हाई. पैसं पाठवावं म्हटलं तर ते बी तसंच दिसणार, गप बस म्हणून पाठवल्यागत. माझं जाणंच धमकी हाय. आता त्यांच्या वाटंला न जाणं एवढंच माझ्या हातात हाय, ते मी करतोय. ह्याला माफी म्हणत न्हाईत, म्हाईत हाय मला."

मी मास्तरांचा प्रश्न विचारला, जेलात काय शिकलास. म्हणाला कन्नड. पहिल्या केसला, पोरगा असताना, कन्नडमध्ये लिहिलेल्या कागदावर अंगठा दिला होता, काय लिहिलंय ते माहीत नव्हतं. आता नोटीस आली की स्वतः वाचतो. गल्लीतल्या लोकांची लाईट बिलं, उताऱ्याचे कागदही वाचून देतो. फक्त त्याच्याच घरी कुणी येऊन वाचून घेत नाहीत, देवळाच्या कट्ट्यावर बसवतात.

गेटवरच्या पोरांबद्दल: ती मारायला आलेली नाहीत. कामाला बोलवायला आलीत. पंचायतीच्या निवडणुका लागतील म्हणून आतापासून. "धा माणसं नुसती मागं उभी करायची, आण्णा तू फक्त बस." तो हसला तेव्हा मी पहिल्यांदा त्याचे दात बघितले. "मालक, निवडणूक आली की एका बाजूनं पोलीस बोलवतंय बॉण्ड लिवून दे म्हणून, दुसऱ्या बाजूनं हे बोलवतंय. दोघांकडं माझा एकच नंबर हाय."

निवृत्त_मास्तर

चहाचं वाचून बाहेर फिरून आलो.

कंग्राळीकर

मी महिन्याचा पगार द्या म्हटलं होतं. ते मागं घेत नाही, खरं थोडं बदलतो. ठेवणार असाल तर अर्धवट ठेवू नका. एक, कॅशला, वसुलीला, माल सोडवायला, लेबरचं भांडण मिटवायला त्याला चुकूनही पाठवू नका. एखादं थकलेलं बिल असतं, मनात येतं की ह्याला नुसतं सोबत नेलं तर... आलं ना मनात कधी? खरं सांगा.

ओतकामवाला

आलं होतं. जानेवारीत. एका पार्टीनं चार महिने पैसे दाबलेत. गाडीत बसताना मी त्याला हाक मारणार होतो. मारली नाही, एवढंच. हे बायकोलाही सांगितलेलं नाही.

कंग्राळीकर

मग तुम्हाला गेटवरच्या पोरांची भीती कमी आणि स्वतःची जास्त असायला पाहिजे. दोन, कोअरच्या बायकांशी तुम्ही बोला, त्याला बोलायला लावू नका. त्याची पाळी सकाळची करा आणि त्यांच्या आधी तासभर सोडा. तीन, गेटला लाईट लावा मर्दा, उद्यमबागेत अजून अंधार करून बसलाय.

ओतकामवाला

लाईट लावली. पाळी बदलली. दोघींपैकी एक थांबली, एक गेली. गेली तिला मी दोष देत नाही, तिच्या मामांच्या प्लॉटवर अशीच माणसं बसली होती म्हणे.

काल ठाण्यात रौडी शीटवाल्यांची परेड होती. सकाळी नऊला बोलावलं, मी माझं पत्र आणि मस्टरची प्रत घेऊन सोबत गेलो. मला बाहेर बसवलं. पंचविशीतली पोरं रांगेत मोबाईलवर रील बघत उभी आणि त्यांच्यात हा बुक्का लावलेला. दोनला सोडलं. अर्जाची पोच मिळाली, शिक्का आहे, तारीख आहे. पुढं काय होईल माहीत नाही. परत येताना मी म्हटलं, आज सुट्टी घ्या. म्हणाला, हीट काढलीया नव्हं सकाळी, कास्टिंग गार झालं असंल. साडेसातपर्यंत ग्राइंडर चालू होता.

ठेवतोय. बायको अजून बोलत नाही नीट.

वडगावची

त्यांचं उत्तर वाचलं. आईला वाचून दाखवलं नाही, दाखवणारही नाही. माफ वगैरे करायला मी कोण, माझा त्यांच्याशी संबंधच नाही. फक्त, न जाण्याचं जे म्हणाले ते बरोबर आहे. आमच्याकडंही एकदा एकजण आला होता. फराळ घेऊन. आई आठ दिवस झोपली नाही.

@ओतकामवाला, एक विचारू? उद्यमबागेत एका हाताला तीन बोटं कमी असलेल्या माणसाला जमेल असं काही काम असतं का? स्टोअर, गेटपास, वजनकाटा, काहीही. हिशोब चांगला आहे त्याचा. पण तुमच्याकडं नको. दुसऱ्या कुणाच्या शेडमध्ये बघा.

ओतकामवाला

ताई, व्यनि (खाजगी निरोप) केलाय. आमच्यापासून चौथं युनिट, त्यांचा स्टोअरकीपर मार्चअखेर सोडतोय. उद्या सकाळी जाऊन बोलतो. येण्याजाण्याचा रस्ता वेगळा आहे, आमच्या गेटवरून जावं लागत नाही, ते मी आधी बघितलं.